सीरम निघालंय

गाईच्या तोंडात हात घालणं हे आमच्याकडं कुणाला धाडस वाटत नाही. गाय चारा खाईना, लाळ गळायला लागली, मान ताणून गिळल्यासारखं करायला लागली, की बघणारा प्रत्येक जण एकच निदान करतो: घशात काहीतरी अडकलंय. मग घरातला लांब हाताचा माणूस बाही वर सारतो आणि हात आत घालतो. कधी मक्याचं कणीस निघतं, कधी बटाटा. शेजारच्यांच्या म्हशीच्या घशातून एकदा अख्खी आंब्याची कोय निघाली होती आणि ती त्यांनी चार दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली होती. त्यामुळं त्या मंगळवारी दुपारी आमच्या गाईची लाळ गळायला लागली, तेव्हा आम्हीही तेच केलं.

हात घातला यांनी. हे म्हणजे माझे यजमान, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. पारनेरच्या वाटेवर आमचं गाव, तिथं एकरभर डाळिंब आणि ही एक गाय, एवढाच आता त्यांचा वर्ग. मंगळवार माझ्या सुट्टीचा दिवस, म्हणून कासरा धरून मी उभी. शेजारच्या काकू ओट्यावरून शिकवत होत्या, "मास्तर, आजून आत घाला, तितंच हाय ते." यांनी कोपरापर्यंत हात घातला, चाचपलं, बाहेर काढला. काही नव्हतं. पुन्हा घातला, पुन्हा काही नव्हतं. मग हात बादलीत बुचकळला, पंच्याला पुसला आणि त्याच हातानं जेवायला बसले. भाकरी मीच वाढली.

डाळिंबाची छाटणी चालू होती ते दिवस. छाटणीत यांचा उजवा हात दरवर्षी काट्यांनी ओरबाडून निघतो. बोटांपासून कोपरापर्यंत बारीक बारीक रेघा, काही वाळलेल्या, काही ताज्या. मी दरवर्षी हातमोजे आणून देते आणि हे दरवर्षी ते कुंपणाच्या खांबावर टांगून ठेवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरांचे डॉक्टर आले. एरवी ते गाडीवरून उतरले की थेट गाईच्या पाठीवर थाप मारतात. त्या दिवशी दहा पावलं अलीकडंच थांबले. गाय ओरडत होती, पण आवाज तिचा नव्हता, घोगरा आणि चिरका, मध्येच तुटणारा. डॉक्टरांनी तो नुसता ऐकला. दोन महिन्यांपूर्वी गल्लीतून एक कुत्रं चावे घेत गेलं होतं का, असं विचारलं. गेलं होतं. मग त्यांनी आम्हा दोघांकडं बघितलं.

"आत हात कुणी घातला?"

वर्गात पोरानं बोट वर करावं तसा यांनी हात थोडासा वर केला.

"सर, आधी हात धुवा. साबण लावून, वाहत्या पाण्याखाली, पंधरा मिनिटं. आत्ता. बाकीचं नंतर बोलू."

कपड्याचा साबण हाताशी होता, तोच घेतला. हे नळाखाली हात धरून बसले आणि मी घड्याळाकडं बघत उभी राहिले. ओरखड्यांत साबण झोंबत होता, तरी ते हात मागं घेत नव्हते. पंधरा मिनिटं किती लांब असतात ते मला त्या दिवशी कळलं. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: काल दुपारी धुवायला हवा होता हात. काल. मध्ये एक पूर्ण दिवस आणि एक पूर्ण रात्र गेलीय. डॉक्टर जाताना म्हणाले, गाय वाचत नाही, पिसाळलीय असं समजूनच चला, आणि सरांना आजच्या आज इंजेक्शन द्या, कारण हा आजार एकदा अंगात उठला की त्याच्यावर औषध नाही. असं सरळ सांगितलं त्यांनी. पण मनात लगेच दुसरा विचार आला, आणि त्यानं मला धीर वाटला: आपलं बरं आहे, आपण हॉस्पिटलातलेच आहोत.

मी नगरमधल्या एका खासगी हॉस्पिटलात काउंटरवर बसते. आता नगरचं अहिल्यानगर झालं, पाट्या बदलल्या, माझी जीभ अजून बदललेली नाही. वीस वर्षं झाली. पेशंट दारातून आत आला की पहिलं तोंड त्याला माझं दिसतं. पायात चप्पल कुठली, सोबत माणसं किती, हातात प्लॅस्टिकची पिशवी आहे की फाइल, एवढ्यावरून मी ओळखते की हा राहणार की परत जाणार. काउंटरची म्हणून एक भाषा असते. "बेड शिल्लक नाही" म्हणजे नेहमीच बेड शिल्लक नसतो असं नाही. "डॉक्टर राउंडवर आहेत" म्हणजे डॉक्टर जेवताहेत. आणि जे औषध आमच्याकडं नाही त्याबद्दल कधीही "नाही" म्हणायचं नाही. म्हणायचं, "मागवलंय, निघालंय, येतंय." नाही म्हटलं की पेशंट उठून दुसरीकडं जातो. हे मला कुणी लिहून दिलेलं नव्हतं, पण पहिल्याच आठवड्यात मी ते शिकले आणि नंतर येणाऱ्या सगळ्या मुलींना मीच शिकवलं.

सरकारी दवाखान्याबद्दल माझं मत ठरलेलं होतं आणि ते मी कुणी न विचारता द्यायची. सिव्हिलचा केसपेपर घेऊन कुणी आमच्याकडं आला की मी तो दोन बोटांनी उचलायची. यावरून लेकीचं आणि माझं कायम वाजायचं. लेक नर्स आहे. शिकताना तिची उमेदवारी सिव्हिलच्या वॉर्डात झाली, आणि आता ती इंग्लंडात तिथल्या सरकारी दवाखान्यात नोकरी करते. ती सांगायची, "आई, इथं सगळे सरकारीतच येतात. बँकेचा मॅनेजर आणि त्याच्या घरी लादी पुसणारी बाई शेजारशेजारच्या खाटांवर असतात. बिल नावाची गोष्टच नाही." मी म्हणायची, "आणि गुडघा बदलायला वर्षभर थांबतात, तेही सांग की. आमच्याकडं सोमवारी आलेला म्हातारा बुधवारी चालत घरी जातो." ती म्हणायची, "ज्याला परवडतं तो जातो. बाकीचे कुठं जातात ते काउंटरवरून दिसत नाही तुला." मग मी माझ्या पुतण्याचा दाखला द्यायची. तो अमेरिकेत असतो, भरपूर कमावतो, आणि दात दुखला तर भारतात येईपर्यंत लवंग चावत बसतो. इतकं महाग सगळं तिकडं. हा दाखला खरं म्हणजे माझ्याच विरुद्ध जायचा, पण वाद घालताना एवढं कोण बघतं. तर अशी मी. आणि खोटं कशाला बोलू, यांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन आमच्याच हॉस्पिटलात झालं होतं, फार नीट झालं होतं. माझा विश्वास काही हवेतला नव्हता.

बुधवारी संध्याकाळी आम्ही मागच्या दारानं थेट सरांच्या केबिनमध्ये गेलो. सर म्हणजे आमचे मोठे डॉक्टर. रांग नाही, नंबर नाही. एसी गार, चहा आला. सरांनी दंडावर लस दिली, पुढच्या तारखा लिहून दिल्या आणि म्हणाले, "सीरम पण लागेल. लस अंगात तयारी करायला वेळ घेते, तोपर्यंत सीरम सांभाळतं. आपल्याकडं ठेवत नाही आपण. मागवून घेऊ, सोमवारी येईल." मी मान हलवली. मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! आपल्या माणसासाठी सर स्वतः मागवताहेत. यांचा हात मात्र कुणीही बघितला नाही. बाही दंडापर्यंत वर केली, सुई टोचली, बाही खाली केली. हे तेव्हा माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

गुरुवारी सकाळी गाय गेली. जेसीबीनं खड्डा घेतला, चुना टाकला. आमचं दूध तीन घरी जायचं, ती तिन्ही घरं अंगणात येऊन उभी राहिली. तापवलेल्या दुधानं काही होत नाही असं गुरांच्या डॉक्टरांनी परत परत सांगितलं, तरी काकूंनी नातवाला पोटाशी धरून मला विचारलं, "बाई, न्हाई ना काय व्हायचं?" मी म्हटलं, नाही होणार. माझ्या तोंडाला ही सवयच आहे.

त्या दुपारी मी देवळात गेले आणि लाल दोरा आणून यांच्या उजव्या मनगटाला बांधला. चांगला जाड, सात वेढ्यांचा. यांना असलं काही पटत नाही. पण त्यांनी मुकाट्यानं हात पुढं केला, तेव्हा मला कळलं की तेही घाबरलेत. मास्तर माणूस, आयुष्यभर पोरांना धीर दिलेला, आणि माझ्याकडून दोरा बांधून घेत होता.

त्यानंतर माझी एक नवीनच सवय सुरू झाली. पिसाळलेल्या माणसाला पाणी बघवत नाही, गिळवत नाही, एवढं मला ठाऊक होतं. लहानपणी खर्ड्याकडच्या आजोळी एका माणसाबद्दल ऐकलं होतं. त्याला खोलीत कोंडला होता आणि बाहेर कुणी घागर ठेवली तरी तो आत किंचाळायचा. तेव्हा ती गोष्ट आम्ही पोरं एकमेकांना घाबरवायला सांगायचो. आता हे सकाळी उठून तांब्या तोंडाला लावायचे आणि मी चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशीच, पाठमोरी उभी राहून कान द्यायची. पहिला घोट गेला का? दुसरा? मध्ये थांबले का? एकदा त्यांना ठसका लागला तर माझ्या हातातली सांडशी खाली पडली. उगाच इतक्या लवकर काही होत नसतं, हे मला सरांनी सांगितलेलं होतं. भीतीला ते सांगून उपयोग नव्हता.

शनिवारी दुसरा डोस झाला. सोमवारी सकाळी मी आमच्याच मेडिकलच्या खिडकीशी गेले.

"आलं का सीरम?"

"निघालंय ताई," तिथला माणूस म्हणाला. "गुरुवारपर्यंत येतंय."

मी तिथंच उभी राहिले. ते वाक्य माझं होतं. शब्द माझे, ती मान हलवायची पद्धतसुद्धा माझीच, मीच त्याला शिकवलेली. तरीसुद्धा मी माझ्या खुर्चीत जाऊन बसले, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि मनाच्या एका कोपऱ्यात असं होतं की मी घरची आहे, मला ते असं फसवणार नाहीत.

त्याच दुपारी एक बाई आली. जामखेडच्या बाजूची, बोलण्यावरून कळत होतं. कडेवर सहा-सात वर्षांची मुलगी, मुलीच्या गालावर हळद आणि फडकं. कुत्र्यानं सकाळीच चावा घेतला होता. मिळेल त्या गाडीनं ती नगरला आली होती, आणि स्टँडवर कुणीतरी आमच्या हॉस्पिटलचं नाव सांगितलं होतं.

"ताई, ते सीरम का काय म्हनत्यात, ते हाय का तुमच्यात?"

मी फॉर्म पुढं ओढला. मुलीचं वय लिहिलं, बाईचा मोबाईल नंबर लिहिला. आणि माझ्या तोंडातून, पाच दिवस स्वतः त्याच वाक्यावर टांगलेली असताना, निघालं, "मागवलंय. येतंय. आज ॲडमिट करून ठेवा, डिपॉझिट भरा."

बाईनं पोरीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. किती भरायचे विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "भावाला इचारते," आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. मी घरी निघाले तेव्हाही ती तिथंच होती. मी दुसऱ्या दारानं गेले.

संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिला आम्ही काही कळवलं नव्हतं, लांब राहते, उगाच काळजी करत बसेल म्हणून. पण तिनं पहिला प्रश्नच गाईचा विचारला, आणि यांना खोटं बोलता येत नाही. पाच मिनिटांत सगळं बाहेर आलं. पडद्यावर तिचा चेहरा आधी लेकीचा होता, तो बघता बघता नर्सचा झाला.

"लस कधी दिली? बरं. सीरम?"

"येतंय," मी म्हटलं. "गुरुवारी."

"आई, कुठल्या गुरुवारी? पहिल्या लशीनंतर सात दिवसांच्या आतच देतात ते. नंतर देऊन उपयोग नसतो. उद्या सहावा दिवस आहे." तिचा आवाज चढला. "सिव्हिलला का नाही गेलात? तिथं असतं सीरम. मी स्वतः भरून दिलंय त्या खोलीत. पप्पांना घेऊन तिथं जायला तुला वीस मिनिटं लागतात आई, वीस मिनिटं."

का नाही गेले? खरं उत्तर असं होतं की ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि त्याहून खरं म्हणजे, आलं होतं. पण तिथं रांगेत मला कुणी बघितलं असतं तर, असंही आलं होतं. नवऱ्याच्या जिवाशी मी माझी ऐट तोलत बसले होते. लेकीनं फोन ठेवताना म्हटलं, "आई, रडू नकोस, फक्त सकाळी पहिल्यांदा तिथं जा." मी रडत होते हे मला तोवर माहीत नव्हतं.

मंगळवारी उजाडताच आम्ही निघालो. केसपेपर काढला. दोन बोटांनी नाही, घट्ट मुठीत धरला. लस द्यायच्या खोलीबाहेर बाकांवर माणसं होती: शेतकरी, कॉलेजची मुलं, बुरखा घातलेली एक म्हातारी, पोटरीला फडकं बांधलेला एक पोलीस. मी सवयीनं सरळ दारात गेले आणि आतल्या सिस्टरना माझ्या हॉस्पिटलचं नाव सांगितलं. वाटलं, ओळख लागेल. सिस्टरनी मान वर न करता विचारलं, "चावा कुठं आहे?"

"चावा नाही, गाईच्या तोंडात हात..."

"हात. मग बसा. इथं नंबर आल्यावर नाही, जखम बघून घेतो आम्ही. तोंड-डोकं आधी, मग हात, पाय नंतर."

पोलिसाला त्यांनी तसाच बसवून ठेवला होता, हे बघून मला जरा बरं वाटलं. मी मागं वळले आणि पहिल्या बाकावर ती बाई होती. कालची. मुलीच्या गालावर तेच फडकं. मुलगी तिच्या मांडीवर अर्धवट झोपेत होती.

तिनं मला ओळखलं. आधी माझ्याकडं बघितलं, मग यांच्या ओरबाडलेल्या हाताकडं.

"ताई," ती म्हणाली, "तुमी बी हितंच आलाय व्हय? मंग काल मला का न्हाई सांगितलं?"

आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. रागावली असती तर मला उलट बोलता आलं असतं, त्यात मी तरबेज आहे. मी तिच्याशेजारी बसले. ती सांगत राहिली, की भावानं पैसे जमवतो म्हटलं, सकाळपर्यंत वाट बघितली, मग तुमच्या झाडूवाल्या मावशींनीच हळूच सांगितलं इकडं या म्हणून. म्हणजे एक रात्र. गालावरचा चावा, मेंदूपासून चार बोटांवर, आणि पोरीची एक पूर्ण रात्र माझ्या एका वाक्यात गेली होती.

इथं मला एक गोष्ट लिहायची आहे, ती मी अजून यांनाही सांगितलेली नाही. दारातून आतला ट्रे दिसत होता. त्यात सीरमच्या तीन कुप्या होत्या. सिस्टर मदतनिसाला म्हणत होत्या, "बाकीच्या स्टोअरमधून घेऊन या." आधी एक म्हातारा होता, त्याच्या कानाला चावलेलं. मग ही मुलगी. मग आम्ही. सीरम वजनावर देतात हे मला माहीत होतं, आणि हे अंगानं भरलेले. मी मनात हिशेब करायला लागले. म्हाताऱ्याला एक, पोरीला एक, उरली एक, ती यांना पुरणार नाही. स्टोअरला कुलूप असलं तर? तिथला माणूस आला नसला तर? आणि मला वाटलं, ही बाई पोरीला घेऊन इथून निघून जावी. असं स्पष्ट वाटलं. त्या झोपलेल्या पोरीकडं बघत वाटलं. भीती माणसाला काय करते ते मी दुसऱ्यांत वीस वर्षं बघितलं होतं, काउंटरच्या या बाजूनं.

मुलीला आत नेलं. गालात सुया टोचतात त्या, जखमेच्या कडेकडेनं. तिच्या ओरडण्यानं सगळं बाक ताठ झालं. मी कानांवर हात ठेवले नाहीत, तेवढं तरी करू नये असं वाटलं. दहा मिनिटांनी मदतनीस स्टोअरमधून एक खोकं घेऊन आला आणि ट्रेमध्ये कुप्यांची रांग लावली. सगळ्यांना पुरल्या असत्या, आणि वर उरल्या असत्या. माझ्या मनात जे येऊन गेलं होतं त्याची गरजसुद्धा नव्हती.

मग आम्ही. सिस्टरनी यांचा हात उजेडाखाली धरला आणि पहिल्यांदा कुणीतरी तो हात नीट बघितला. "एकेक ओरखडा दाखवा मला. वाळलेला पण. प्रत्येकात द्यावं लागतं." मी चष्मा लावला. आम्ही दोघी त्या हातावर वाकलो. हा एक. इथं एक. बोटांच्या बेचक्यात एक. बत्तीस वर्षं तो हात मी बघत आले, पण असा कधी बघितला नव्हता. प्रत्येक रेघेपाशी सुई जात होती आणि हे डोळे मिटून दात आवळून बसले होते. अकरा झाले.

"हे काय बांधलंय?" सिस्टरनी मनगटावरचा दोरा बोटानं हलवला.

"देवाचा आहे," मी म्हटलं. "मीच..."

"कापते," त्या म्हणाल्या, आणि कात्री घेतलीच.

सात वेढे खाली पडले. खाली, मनगटाच्या आतल्या बाजूला, शिरेवरच, एक लांब लाल ओरखडा होता. सगळ्यांत खोल तोच. सिस्टरनी सुई भरली. यांच्या रक्षणासाठी म्हणून जे मी बांधलं होतं, त्यानंच ती जखम झाकून ठेवली होती, आणि आज दोरा कापणारं कुणी भेटलं नसतं तर ती तशीच राहिली असती. केसपेपरवर त्या दिवसाची तारीख आहे, सही आहे, आणि "जखमा १२" असं लिहिलंय. तो कागद मी कपाटात दागिन्यांच्या डब्यात ठेवलाय.

बाहेर आले तेव्हा बाकावर ती बाई नव्हती.

पुढचे डोस आम्ही तिथंच घेतले. रांगेत बसून, दोनदा तर अडीच तास. चहा कुणी विचारला नाही. मी कामावर परत गेले, नोकरी सोडली वगैरे काही नाही. माझी तेवढी हिंमत नाही आणि यांच्या पेन्शनवर दोघांचं भागलं तरी माझा वेळ जायचा नाही. पण कुणी चावलेला माणूस आला की मी फॉर्म पुढं ओढत नाही. मान खाली घालून हळू आवाजात म्हणते, "सिव्हिलला जा, रिक्षा करा, लगेच." एकदा सरांनी ऐकलं. मला आत बोलावून म्हणाले, "मॅडम, आपण मागवू शकतो ना?" मी "हो सर" म्हटलं. अजून कुणी मला काढलेलं नाही, पण केबिनची बेल वाजली की माझं नाव पुकारतात का ते आधी ऐकते.

आणि घरी पाण्याचा तांब्या. पहिला महिना गेला, दुसरा गेला. लेक म्हणाली, आता भिऊ नकोस, पण पूर्ण निर्धास्त कधी व्हायचं हे तिनंही स्पष्ट सांगितलं नाही, म्हणजे मी ऐकलं नाही. डाळिंबाला फळं धरली. एका सकाळी यांनी तांब्या तोंडापाशी नेला आणि खाली ठेवला. मी गॅस बंद केला.

"तू अशी कान लावून उभी असलीस ना," ते म्हणाले, "की घोट अडकतो माझा. पाण्याची भीती मला नाही गं, तुला झालीय."

मग मी खाली बसले आणि त्यांना त्या मुलीचं सांगितलं. कुप्यांचं नाही. काउंटरचं, फॉर्मचं, एका रात्रीचं सांगितलं. तिच्या आईचा नंबर मी त्या फॉर्मवरून उतरवून घेतला होता आणि रोज सकाळी, यांचं पाणी पिऊन झालं की, मी तो मोबाईलवर उघडून बघत होते आणि बंद करत होते. गालावरचा चावा लवकर उठतो, हे लेकीनं बोलता बोलता एकदा सांगितलं होतं. तेव्हापासून मला यांच्या घोटाइतकीच त्या पोरीची भीती होती. फोन लागला आणि पलीकडं कुणी रडायला लागलं तर मी काय म्हणणार होते?

"लाव," हे म्हणाले. "माझ्यासमोर लाव."

लावला. रिंग जात राहिली. उचलला.

"कोन?" तोच आवाज.

मागं भांडी वाजत होती, कोंबडं ओरडत होतं, आणि एक पोर मोठ्यानं, चिडून, हट्टानं ओरडत होतं, "आये, पानी दे की! कवाच मागतीया, आये, पानी!"

"थांब गं, फोन हाय," आई तिच्यावर खेकसली. "हॅलो, कोन बोलतंय?"

"मी हॉस्पिटलातली," मी म्हटलं. "काउंटरवरची."

तिनं ओळखलं. मग म्हणाली, "व्हय. बोला ताई."

"आधी तिला पाणी द्या," मी म्हटलं. "मी थांबते."

माठावरचं झाकण वाजलं, पेला बुडवल्याचा आवाज आला. मग ती मुलगी पाणी प्यायली, घटाघटा, मध्ये कुठंही न थांबता. मी फोन कानाला दाबून धरून शेवटच्या घोटापर्यंत ऐकत राहिले.